अंगावरून वारे गेले : एका दुखण्याचा इतिहास



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोते राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा धरून येतात. त्यातून ते व्याख्यान अकोल्याच्या जुन्या शहरात व्हावयाचे असेल, तर असदगडाचे बुरूज हाकेच्या अंतरावर असताना वक्त्याने दुसरेच काही बोलावे हे थोडे धार्ष्ट्याचे होय. तरीही आज मी एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आळीत ते एखाद्या तरी घरी येऊन गेलेले आहे. त्याला आपण 'अंगावरून वारे गेले' म्हणतो, 'लकवा मारला' म्हणतो. डॉक्टर 'स्ट्रोक' म्हणतात. आणि पुस्तकात त्याला पक्षाघात किंवा अर्धांगवायू असे नाव आहे.

किल्ल्याकडे पाहून आलेल्यांची अगदीच निराशा नको, म्हणून एक दुवा आरंभीच जोडून देतो. १८०३ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा ज्याने पाडाव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, तो आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने नेपोलियनला वॉटर्लूवर हरविले, इंग्लंडचे पंतप्रधानपद भोगले, आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मरच्या गढीत, त्र्याऐंशीव्या वर्षी, तो याच दुखण्याने गेला. त्या काळच्या सर्वांत श्रीमंत राष्ट्रातील कोणताही डॉक्टर बोलावण्याची त्याची ऐपत होती. परंतु अडगावच्या एखाद्या कुणब्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याला जे करता आले असते, त्याहून अधिक काही त्या डॉक्टरांनाही करता येण्यासारखे नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माझ्या आजच्या सांगण्याचा सगळा भार तिच्यावर आहे.

आता नावांकडे वळू. ग्रीक लोक या दुखण्याला जो शब्द वापरीत त्याचा अर्थ 'तडाख्याने खाली पाडणे' असा आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थही तडाखाच. आपल्या 'पक्षाघाता'तही आघात आहेच. तीन भाषांनी तीन ठिकाणी एकच गोष्ट टिपली ती अशी, की हे दुखणे चढत येत नाही, कोसळते. ताप चढतो, खोकला वाढतो, जलोदर महिनोन् महिने फुगतो. हे मात्र जेवता जेवता, बोलता बोलता येते. दुसरी गोष्ट अशी, की तडाखा म्हटला की तो मारणारा बाहेरचा कोणी तरी असावा लागतो. आपण वाऱ्याला धरले, युरोपने देवाच्या हाताला धरले. बाहेरून आलेल्या तडाख्यापुढे माणूस काय करणार? तो मान खाली घालतो आणि वाट पाहतो.

'लकव्या'ची कथा थोडी निराळी आहे. जुन्या शहरात मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जातात, म्हणून ती येथे सांगण्यासारखी आहे. लकवा हा शब्द अरबी. युनानी हकिमांच्या परिभाषेत लकवा म्हणजे केवळ तोंड वाकडे होणे. अर्धे अंग जाण्याला त्यांचा शब्द 'फालिज'. आयुर्वेदातही साधारणतः हीच वाटणी दिसते : तोंडाच्या विकाराला 'अर्दित', अर्ध्या अंगाच्या विकाराला 'पक्षवध'. मराठीने मात्र शब्द उचलताना ही वाटणी पुसून टाकली आणि दोन्हींना लकवाच म्हणू लागली. याचा एक परिणाम फार मजेदार झाला, किंबहुना घातक झाला. चेहऱ्याच्या एकाच मज्जातंतूला सूज येऊन तोंड वाकडे होते, तेव्हा मेंदूला काहीही झालेले नसते, आणि असे बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या आठवड्यांत ज्याने पाला चोळला, ज्याने दोरा बांधला, ज्याने कबुतराचे रक्त लावले, तो लकवा बरा करणारा म्हणून पंचक्रोशीत गाजतो. मग ज्याच्या मेंदूत खरोखर रक्त अडले आहे, त्यालाही बैलगाडीत किंवा जीपगाडीत घालून त्याच्याच दारी नेतात. एका शब्दाच्या ढिलाईने किती माणसे वाया गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमच्या पूर्वजांचे निरीक्षण मात्र कमी प्रतीचे नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू पकडतो, त्या बाजूची हालचाल थांबते आणि वाचा बंद पडते, असे स्वच्छ लिहिले आहे. माधवनिदानात या रोगाचे कष्टसाध्य, साध्य आणि असाध्य असे भेद पाडले आहेत. ग्रीसमध्ये हिपॉक्रटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांतही तेच : जबर झटका बरा होत नाही, हलका झटका सहजासहजी बरा होत नाही. म्हणजे दोन्हीकडच्या वैद्यांनी रोग ओळखला, त्याचे वर्णन केले, आणि भविष्य वर्तविले. भविष्य वर्तविण्यापलीकडे त्यांना फारसे काही करता येत नव्हते आणि हे त्यांनी लपविलेही नाही.

वारा कोठून येतो हे पाहण्यासाठी कोणी तरी डोके उघडून पाहावयास हवे होते. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या गावच्या योहान याकोब वेप्फर नावाच्या डॉक्टराने ते केले. झटक्याने मेलेल्या माणसांचे मेंदू त्याने तपासले आणि १६५८ साली ग्रंथ लिहून सांगितले, की आत रक्त सांडलेले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत फिर्कोने रक्ताची गुठळी कशी होते आणि ती वाहत जाऊन दूरच्या नळीत कशी अडकते हे दाखविले. तात्पर्य, वारा बाहेरून येत नाही. बिघाड आपल्याच रक्तवाहिन्यांत होतो, आणि तो दोन प्रकारचा असतो. मळ्यातल्या पाटाचे उदाहरण घ्या. पाटात गाळ अडकला तर पुढचे वाफे कोरडे पडतात. पाटच फुटला तर शेजारचे वाफे बुडतात. दोन्हीकडे पीक जाते आणि बांधावरून पाहणाऱ्याला नुकसान सारखेच दिसते. आपल्याकडे काय किंवा इतरत्र काय, फुटण्यापेक्षा अडकण्याचे प्रकार पुष्कळच अधिक असतात. परंतु कोणत्या रोग्यात काय झाले आहे हे बाहेरून सांगता येत नाही, आणि जिवंत माणसाचे डोके तर उघडता येत नाही. येथे शास्त्र शंभराहून अधिक वर्षे अडून बसले.

या अडून बसलेल्या काळातील एक रोगी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात जोतीराव फुले यांना लोकांनी 'महात्मा' ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. वय एकसष्ट. औषधोपचार करणारे डॉक्टर विश्राम रामजी घोले हे पुण्यातील नामांकित शल्यवैद्य, शिवाय सत्यशोधक समाजातील सहकारी आणि स्नेही. याहून चांगला डॉक्टर त्या काळी पुण्यात मिळाला नसता. पण डॉक्टर घोल्यांच्या हाती काय होते ते पाहा. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीत रिव्हा-रोच्चीने काढले ते १८९६ साली, आणि कोरोटकॉफने नळी कानाला लावून तो दाब ऐकण्याची रीत सांगितली ती १९०५ साली. क्ष-किरण निघाले १८९५ साली. म्हणजे जोतीरावांच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरजवळ नाडीवर ठेवावयाची तीन बोटे होती, अनुभव होता आणि स्नेह होता. बाकी सगळे सावित्रीबाईंच्या शुश्रूषेवर आणि रोग्याच्या जिद्दीवर होते.

जोतीरावांनी त्या आजारात काय केले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. उजवा हात चालेना म्हणून त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे ठाणे डाव्या अंगाला असते. पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यवैद्याने १८६१ साली एका वाचा गेलेल्या रोग्याच्या मेंदूवरून वाचेचे ठाणे मेंदूत कोठे असते ते दाखवून दिले. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला हुकूम सोडते, म्हणून उजवे अंग गेले की पुष्कळदा बोलणेही जाते. जोतीरावांचे उजवे अंग गेले, पण शब्द उरले. नाही तर ते पुस्तक आपल्याला मिळाले नसते. झटका बोटभर इकडे बसतो की तिकडे, यावर मराठी विचाराचा एक ग्रंथ अवलंबून होता. आजाराने संसारही खचला. मामा परमानंदांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून त्यांच्यासाठी मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले आणि पुस्तक पुढच्या वर्षी, १८९१ साली, छापून निघाले.

रक्तदाबाचा पट्टा आला म्हणून सारे सुधारले असे नाही. दाब मोजता येऊ लागला, उतरविता येईना. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची १९४४ च्या मार्चमध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांचा दाब १८६ वर १०८ होता. मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, विश्रांती घ्या, यांपलीकडे तरुण हृदयरोगतज्ज्ञ ब्रून यांच्यापाशी दाबावर म्हणून चालेल असे औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकर्तीसमोर बसलेले असताना अध्यक्ष 'डोके मागून भयंकर दुखते' एवढे म्हणाले आणि कोसळले. दाब ३०० वर १९० भरला. काही तासांतच ते गेले. युरोपातले युद्ध संपावयास महिनाही उरला नव्हता. मनुष्यजातीचे निम्मे भवितव्य ज्या माणसाच्या सहीवर होते, त्याच्या दाबाचा आकडा कागदावर लिहून ठेवण्यापलीकडे वैद्यकाला काही येत नव्हते, हे आज विचित्र वाटते.

ही कोंडी फोडण्यात आपल्या मुंबईचा हात आहे, आणि ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असावयास हवी. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडचे वैद्य आणि हकीम पूर्वापार वापरीत आले. १९३१ साली कलकत्त्याला सेन आणि बोस यांनी त्याचा दाबावर होणारा परिणाम नोंदविला. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवर ते पद्धतशीर वापरून १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष छापला, आणि सर्पगंधा जगाच्या औषधालयात गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे सत्त्व वेगळे काढण्यात आले. पुढे तिच्याहून निर्धोक औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली, हेही सांगितले पाहिजे. परंतु दाब औषधाने उतरविता येतो आणि म्हणून झटका टाळता येतो, हा विश्वास जगाला देण्यात तिचा वाटा मोठा होता.

झटका आल्यावर मात्र अजूनही काही करता येत नव्हते. १९५३ सालच्या १ मार्चला मॉस्कोबाहेरच्या आपल्या बंगल्यात स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. बोलावल्याशिवाय आत जावयाचे नाही असा हुकूम असल्यामुळे पहारेकरी दाराबाहेर तिष्ठत राहिले. रात्री टपाल घेऊन एक जण धीर करून आत गेला, तो स्टालिन जमिनीवर पडलेला, कपडे ओले, वाचा गेलेली. वरिष्ठांना निरोप गेले, ते आले, 'झोपले आहेत, गडबड करू नका' म्हणून परत गेले. डॉक्टर पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. चांगले डॉक्टर त्या वेळी तुरुंगात होते, कारण जानेवारीतच त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवण्यात आला होता. आलेल्या डॉक्टरांनी जळवा लावल्या. ५ मार्चला स्टालिन मेला. ही हकीकत लोक विनोद म्हणून सांगतात. पण ती सांगताना एक गोष्ट कोणी सांगत नाही : डॉक्टर पहिल्या तासाला आले असते तरी १९५३ साली त्यांनी केले असते ते एवढेच. उशीर लाजिरवाणा होता, पण त्या उशिराने फार मोठे नुकसान झाले असे म्हणता येत नाही.

या ठिकाणी इतिहासाचा एक मोठा खंड संपतो. चरकापासून स्टालिनपर्यंत, गावगड्यापासून ड्यूकपर्यंत, या दुखण्यात थांबणे हा मूर्खपणा नव्हता. रात्री-अपरात्री नदी ओलांडून वैद्याला आणून काय मिळणार होते? रोग्याला स्वस्थ पडू द्यावे, उजाडल्यावर पाहावे, हाच व्यवहार होता. आमच्या वऱ्हाडी बोलीत त्याचे एक वाक्य तयार झाले आहे आणि ते प्रत्येक घरात ऐकू येते : 'काही नाही, वारं लागलं असन; सकायी पाहू.' माझ्या आजोबांना १९७४ साली दिवेलागणीला झटका आला तेव्हा आमच्या काकांनी हेच म्हटले. सकाळी वैद्य आले, तेल सांगून गेले. आजोबा तीन वर्षे खाटेवर काढून गेले. काकांचे काही चुकले असे मी आजही म्हणणार नाही.

चुकले ते पुढे, आणि ते समजण्यासाठी दोन तारखा पाहाव्या लागतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड या इंजिनिअरच्या यंत्राने एका जिवंत माणसाच्या मेंदूचे काप न करता कापांसारखे चित्र काढले. हेच आपले सीटी स्कॅन. पाट अडला की फुटला, हे शेवटी बाहेरून दिसू लागले. दुसरी तारीख १४ डिसेंबर १९९५. त्या दिवशी अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल छापला गेला. झटका येऊन तीन तासांच्या आत असलेल्या ६२४ रोग्यांपैकी निम्म्यांना गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देण्यात आले, उरलेल्यांना नाही. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा औषध मिळालेल्यांत जवळजवळ धडधाकट झालेल्यांचे प्रमाण निदान तीस टक्क्यांनी अधिक भरले. धोका नव्हता असे नाही; औषध मिळालेल्यांपैकी शंभरात सहांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत शंभरात एकाहूनही कमी. म्हणून तर आधी सीटी स्कॅन हवे. फुटलेल्या पाटात हे औषध सोडणे म्हणजे रोग्याला मारणेच. २००८ साली साडेचार तासांपर्यंत हे औषध उपयोगी पडते असे ठरले. २०१५ साली एकामागून एक आलेल्या प्रयोगांनी मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी जांघेतून तार घालून ओढून काढता येते आणि तिने माणूस वाचतो हे सिद्ध केले; निवडक रोग्यांत ही शस्त्रक्रिया चोवीस तासांपर्यंतही करता येते.

तास हे येथे खरे औषध आहे. मोठी रक्तवाहिनी अडली असता दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला. 'सकायी पाहू' या वाक्याचा अर्थ १९९५ सालानंतर बदलला. वाक्य मात्र तेच राहिले.

२०१७ च्या वैशाखात आमच्याच घरी माझ्या थोरल्या वहिनी संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या एका अंगाला कलंडल्या. शब्द तोंडातल्या तोंडात फिरू लागले. अकोल्याचा वैशाख आपण जाणता. पारा पंचेचाळीस ओलांडून गेलेला. 'ऊन लागलं' असे सगळ्यांनी ठरविले, कांदा फोडला, कैरीचे पन्हे पाजले. त्यांना ठसका लागला, अर्धे पन्हे लुगड्यावर सांडले. तरी पाजतच राहिलो. मग त्या डोळे मिटून पडल्या, आणि 'सकायी पाहू' हे वाक्य या वेळी मी उच्चारले. सकाळी दवाखान्यात स्कॅन झाले, गुठळी होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : 'यांना शेवटचे धड केव्हा पाहिले?' आम्ही 'काल संध्याकाळी' म्हटले. त्यांनी मान हलविली. इंजेक्शनची वेळ रात्रीच टळून गेली होती.

आता ओळखावयाचे कसे ते सांगतो. १९९८ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे रुग्णवाहिकेवरील माणसांसाठी एक सोपी रीत बसविण्यात आली. तिला यंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही. तोंड, हात, बोलणे आणि घड्याळ, एवढेच. रोग्याला हसावयास सांगा, दात दाखवावयास सांगा. ओठाचा एक कोपरा खाली राहिला का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरावयास सांगा आणि दहा आकडे मोजा. एक हात खाली घसरत आला का पाहा. 'आज आभाळ भरून आले आहे' असे एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगा. जीभ अडखळते का, भलताच शब्द येतो का, की आपले बोलणेच त्याला कळत नाही, हे पाहा. तिन्हींपैकी एक जरी एकाएकी बिघडले असेल तरी घड्याळ पाहा आणि निघा. पुढे लोकांनी या रीतीत दोन गोष्टी आणखी घातल्या : एकाएकी तोल जाणे, आणि एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकदम उठणे हेही याच घरातले लक्षण. दुखत नाही म्हणून फसू नये. बहुतेक झटक्यांत काहीच दुखत नाही, आणि तेच त्याचे कपट आहे. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो, हात गेला तर तो हातावर झोपलो होतो म्हणतो.

उन्हाविषयी दोन शब्द, कारण व्याख्यानमालाही उन्हाळ्याच्या तोंडाशीच भरते. उष्माघाताने अंग तापते, माणूस भ्रमिष्ट होतो, बेशुद्धही पडतो. पण ऊन शरीराची एकच बाजू निवडीत नाही. एकाच बाजूचा हात, एकाच बाजूचे तोंड गेले असेल तर ते ऊन नव्हे. आणि ज्याचे तोंड वाकडे झाले आहे त्याचा घसाही पुष्कळदा गेलेला असतो. त्याला पाणी, चहा, पन्हे, गोळी, काहीही पाजू नये. ते फुप्फुसात उतरते. वहिनींना झटक्यापाठोपाठ न्यूमोनियाही झाला, तो आमच्या पन्ह्याने.

घरात ठेवलेली अ‍ॅस्पिरीन स्कॅन होण्यापूर्वी देऊ नये, कारण पाट फुटलेला असू शकतो. दाबाची जादा गोळी जिभेखाली ठेवू नये. गुठळी अडली असता वाढलेला दाब हा पुष्कळदा मेंदूने स्वतःपुरते रक्त ओढून घेण्याचा प्रयत्न असतो, तो एकदम पाडला तर उरलेलेही मरते. तेल चोळण्यात वेळ घालवू नये. रोग्याला आडवे करावे. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे. मधुमेह असेल तर साखर तपासता आल्यास तपासावी, कारण साखर फार उतरली तरी असेच सोंग येते. चालू असलेल्या औषधांची पिशवी बरोबर घ्यावी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना आधी दाखवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला फोन करताना 'चक्कर आली' असे न म्हणता 'लकव्याचा झटका, अमुक वाजता' असे म्हणावे. आणि एक काम आजारपणापूर्वीच करून ठेवण्यासारखे आहे. मोर्णेच्या अलीकडे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पलीकडच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होते आणि गुठळीचे इंजेक्शन मिळते, याची स्वतः जाऊन चौकशी करून ठेवावी. तार घालण्याची शस्त्रक्रिया लागलीच तर नागपूर अडीचशे किलोमीटरवर आहे. तो निर्णय डॉक्टरांनी पहिल्या तासात घ्यावयाचा असतो, आपण रस्त्यात नव्हे.

हे सारे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे आहे असे कोणाच्या मनात असेल तर त्याने विदर्भाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन शोधली. २०१५ साली ते काम प्रसिद्ध झाले. हिवताप, क्षय, सर्पदंश यांचा तो मुलूख. पण मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक निघाला तो पक्षाघाताचा. दर सात मृत्यूंत एक त्याचा. आणि या रोगाने गेलेल्यांपैकी शंभरातले सुमारे सत्याऐंशी लोक आपल्या घरीच वारले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या उशाशी तेच वाक्य उच्चारले गेले असेल, बोली तेवढी निराळी.

एक लक्षण मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते सर्वांत सहज निसटते. कधी कधी हात जातो, बोलणे अडते, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. गुठळी अडकली आणि पुढे सरकली, एवढाच त्याचा अर्थ. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दवाखान्याचा बेत रद्द करतात. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा रोग्यांपैकी शंभरात दहांना तीन महिन्यांच्या आत खरा झटका आला, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर पहिल्या दोनच दिवसांत. म्हणजे हात परत आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावयाचा. त्या वेळी दाब, साखर, हृदयाचे ठोके आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तपासून औषधे सुरू केली तर पुढचा झटका पुष्कळदा टळतो.

आमच्या घरी हे पुष्कळ दिवसांनी आठवले. वहिनी कलंडल्या त्याच्या आठ दिवस आधी आमच्या गच्चीवर उडदाच्या पापडांचे काम चालले होते. आळीतल्या सात-आठ बायका लाटावयास बसल्या होत्या. मध्येच वहिनींच्या उजव्या हातातून लाटणे गळून पडले. त्यांनी ते उचलले, पुन्हा पडले. हात बधिर झाला म्हणाल्या, काही तरी बोलल्या ते कोणाला नीट कळले नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'वय झालं वो बाई आता तुमचं.' सगळ्याजणी हसल्या, वहिनीही हसल्या. चहा झाला तोवर हात मोकळा झाला होता. त्यांनी लाटणे घेतले आणि उरलेले पापड लाटून टाकले.